कोरिया १९५०: दोन्ही बाजूंचे पाहुणे अडतिसाव्या रेषेपाशीच का अडले?

नकाशेवाला (धागालेखक)

कोरियन युद्धावर मराठीत जे वाचायला मिळतं त्यात दोनच गोष्टी ठळक असतात: अमेरिकी सरसेनापती मॅकआर्थरचा तोरा आणि माओची जिद्द. नकाशा पुढ्यात घेतला की मला वेगळाच प्रश्न पडतो.

२५ जून १९५० ला उत्तर कोरियाने ३८ व्या अक्षवृत्तावरची, दोन्ही कोरियांमधली रेषा ओलांडून हल्ला केला. ऑगस्टपर्यंत दक्षिणेकडे बुसान बंदराभोवतीचा कोपरा तेवढा उरला. मग अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालच्या फौजा १५ सप्टेंबरला इंचॉनला उतरल्या, १९ ऑक्टोबरला प्याँगयांग घेतलं, चीनच्या सीमेवरच्या यालू नदीकडे निघाल्या आणि डिसेंबरात मार खाऊन परत. त्यांच्यामागोमाग चिनी 'स्वयंसेवक' खाली आले, ४ जानेवारी १९५१ ला सोल घेतलं, ३७ व्या अक्षवृत्तापर्यंत गेले आणि तेही परत. नऊ महिन्यांत सोल चारदा इकडून तिकडे गेलं. पुढची दोन वर्षं सगळे जवळपास तिथेच उभे, जिथून भांडण सुरू झालं.

दोन्ही पाहुण्यांची, म्हणजे अमेरिकेची आणि चीनची, दमछाक जिंकता जिंकता का झाली? माझा संशय रसदेवर आहे. कोण बरोबर, कोण चूक यावर इथे आधीच दोन धागे चारशेपार गेलेत, ते इथे नको. काय कसं चाललं ते लिहा.

सुपारीफोड

रुमाल टाकून ठेवतो. रसद म्हटलं की पानिपत. पहिल्या दहा प्रतिसादांत आलं नाही तर चहा माझ्याकडून.

अडगळ

आत्ता तुम्हीच आणलंत की. चहा गेला.

रसदमास्तर

संशय बरोबर आहे. आधी पहिल्या पाहुण्याचं बघू.

प्याँगयांग पडलं तेव्हा अमेरिकेच्या आठव्या सेनेला पुढे हल्ला चालू ठेवायला रोज साधारण ४,००० टन माल लागत होता. माल होता, पण तो बुसानच्या धक्क्यावर. बुसान ते सोल रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या वर, तिथून प्याँगयांग आणखी अडीचशेच्या वर. वाटेतले पूल दोन्ही बाजूंनी मिळून उडवलेले. काही अमेरिकी विमानांनी उन्हाळ्यात उत्तरेला रोखायला पाडले, काही पळताना उत्तरेने पाडले. आपणच पाडलेला पूल तीन महिन्यांनी आपल्यालाच बांधायला लागला. जवळचं बंदर इंचॉन, आणि त्याचं दुखणं वेगळंच (भरतीओहोटी यांना विचारा, त्यांच्या नावातच आहे).

त्यात एक अनाकलनीय निर्णय झाला. इंचॉनला उतरवलेली दहावी कोअर (काही डिव्हिजनांची मिळून फौज) पुन्हा जहाजांत भरून पूर्व किनाऱ्यावर वोनसानला पाठवायचं ठरलं. बंदर एकच. त्यातून एक अख्खी कोअर बाहेर काढायची म्हणजे त्या दिवसांत आत येणारा माल थांबला. आठवी सेना प्याँगयांगकडे पळत होती आणि तिच्या तोंडचा घास धक्क्यावर अडकून होता.

वोनसानलाही घोळ झाला. बंदरात सोव्हिएत बनावटीचे सुमारे ३,००० सुरुंग पेरलेले. सुरुंग काढणाऱ्या नौका अपुऱ्या, म्हणून जपानी नौका आणि खलाशी गुपचूप बोलावले. मरीन सैनिक जहाजांत बसून किनाऱ्यासमोर वर-खाली फेऱ्या मारत राहिले आणि २६ ऑक्टोबरला उतरले. तोवर दक्षिण कोरियाची फौज चालत चालत वोनसानला पोचून पुढेही गेली होती.

निष्कर्ष: आठव्या सेनेचा सेनापती वॉकर, त्याचा यालूकडचा शेवटचा हल्ला ठरला होता १५ नोव्हेंबरला, झाला २४ ला. मधले नऊ दिवस निव्वळ साठा जमेपर्यंत वाट बघण्यात गेले. चिन्यांना ते दिवस फुकट मिळाले.

तिरकीरेघ

माहितीपूर्ण, पण पूर्ण सहमत नाही. रसद अडली नसती तरी पुढे जाऊन उभं कुठे राहणार होते? द्वीपकल्पाची कंबर उत्तरेला साधारण १६० किलोमीटर रुंद आहे. त्याच्या वर गेलं की ते पंख्यासारखं उघडतं आणि चीनची हद्द नद्यांच्या वळणांसकट तेराशे-चौदाशे किलोमीटर. मध्ये तेबेकचे डोंगर. पश्चिमेला आठवी सेना, पूर्वेला दहावी कोअर, मधल्या डोंगरात कोणी नाही. दोघांचे सेनापती एकमेकांना जबाब देत नव्हते, दोघेही थेट टोकियोला, मॅकआर्थरच्या मुख्यालयाला. याला रसद काय करणार? हा हुकमाचा घोटाळा.

नकाशेवाला

कंबरेचा मुद्दा पटला. पण कंबरेवर थांबायचा सल्ला तेव्हा कोणी दिला होता का?

तिरकीरेघ

ब्रिटिशांनी नोव्हेंबरात साधारण तेच सुचवलं होतं: कंबरेपाशी थांबा, वरचा पट्टा रिकामा ठेवा. मॅकआर्थरने उडवून लावलं.

आणि त्याआधी आपल्या माणसाने निरोप दिलाच होता. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर चौ एन-लायने बीजिंगमधले भारतीय राजदूत का. मा. पणिक्कर यांना बोलावून सांगितलं: दक्षिण कोरियाची फौज रेषा ओलांडते तर ओलांडू दे, अमेरिकी फौज ओलांडेल तर आम्ही गप्प बसणार नाही. निरोप दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला पोचला. तिथे पणिक्करांवर चीनधार्जिणे असा शिक्का आधीच होता. निरोप्या आवडत नाही म्हणून पत्र फेकून दिलं.

केतकी_व

त्यात भारताचं मतदान आठवलं. जून १९५० मध्ये सुरक्षा परिषदेचे अध्यक्ष भारताचे बेनेगल नरसिंह राव होते. पहिल्या ठरावाला (८२, हल्ला थांबवा) भारताने मत दिलं. दुसऱ्याच्या (८३, दक्षिणेला मदत करा) वेळी दिल्लीहून सूचना नसल्याने मतदानात भाग घेतला नाही, नंतर ठराव मान्य केला. तिसऱ्याला (८४, अमेरिकेखाली एकत्र सेनापतीपद) तटस्थ. सोव्हिएत प्रतिनिधी जानेवारीपासून बहिष्कार टाकून बाहेर, कारण चीनची खुर्ची तैवानकडे. तो खुर्चीत असता तर नकाराधिकार वापरला गेला असता आणि 'संयुक्त राष्ट्रांचं युद्ध' हे नावच मिळालं नसतं.

सुपारीफोड

म्हणजे सभेवर बहिष्कार टाकला आणि नेमका त्याच सभेत आपल्याविरुद्ध ठराव झाला. आमच्या सोसायटीत दरवर्षी होतं. :)

भरतीओहोटी

मास्तरांनी हाक मारलीच आहे तर इंचॉन.

तिथे भरती आणि ओहोटीतला फरक जवळपास १० मीटर जातो. मुंबईत मोठ्या उधाणाला पाच मीटरच्या आत-बाहेर असतो, त्याच्या दुप्पट धरा. ओहोटीला किनाऱ्यापुढे काही किलोमीटर चिखल उघडा पडतो, माणूस त्यात रुततो. रणगाडे वाहणाऱ्या एलएसटी जहाजाला तिथे उतरायला साधारण २९ फूट पाणी लागत होतं. ते महिन्यातून मोजकेच दिवस मिळतं, तेही दिवसातून दोनदा, दर वेळी दोन-तीन तास. १५ सप्टेंबर चुकला असता तर पुढचा चांगला मुहूर्त ऑक्टोबरात, आणि पुढे हिवाळा.

म्हणून हल्ला दोन हप्त्यांत केला. सकाळच्या भरतीला ६.३३ वाजता एकच बटालियन वोल्मिदो बेटावर. बेट बंदराच्या तोंडाशी आहे, ते हाती नसताना आत शिरणं म्हणजे उंबरठ्यावर डोकं ठेवणं. मग पाणी ओसरलं आणि ती बटालियन अकरा तास बेटावर एकटी; मदत येऊच शकत नव्हती. मुख्य फौज संध्याकाळी ५.३० ला. किनारा म्हणजे वाळू नव्हे, दगडी बांध. नौकांच्या नाळेवर शिड्या लावून, त्या बांधाला टेकवून सैनिक वर चढले. अंधार पडायला तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ.

आता रसद. पाणी पुन्हा ओसरणार, रात्रभर दारूगोळा कुठून आणायचा? त्यांनी आठ एलएसटी भरतीला मुद्दाम किनाऱ्यावर चढवली आणि चिखलात तशीच बसवून ठेवली. माल, इंधन, दारूगोळा भरलेली आठ जहाजं रात्रभर हलू न शकणारी. एक तोफगोळा नीट लागला असता तर सगळं संपलं असतं. हा जुगारच होता. वर एकूण ४७ एलएसटींपैकी ३० वर जपानी खलाशी, कारण युद्धानंतर ती जहाजं जपानात किरकोळ मालवाहतुकीला लावलेली होती.

पण जी भरती हल्ल्याला उपयोगी पडली तीच नंतर नडली. दहा मीटर वर-खाली होणाऱ्या पाण्यात मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. आत एक झडपांचं कुंड आहे, पण लहान. बाकी माल बाहेर खोल पाण्यात उतरवून पडावांनी आणायचा, तोही भरतीच्या वेळेत. उतरायला उत्तम जागा आणि मुक्कामाला भिकार जागा एकच असू शकते.

अडगळ

शेवटचं वाक्य लॉजच्या पाटीवर लावायला हवं.

झणझणीत

सगळे सप्टेंबरच्या कौतुकात. जुलैचं पण लिहा. पहिली अमेरिकी तुकडी, टास्क फोर्स स्मिथ, ५ जुलै, ओसानच्या उत्तरेला. सुमारे ५४० माणसं. समोर ३३ टी-३४ रणगाडे. २.३६ इंची बझुका (खांद्यावरून डागायच्या रणगाडाभेदी रॉकेट-नळ्या) होत्या, त्यांचे गोळे टी-३४ वर आपटून नुसते आवाज करत होते. दुसऱ्या महायुद्धातलं जुनं मॉडेल, समोरचं चिलखत फोडायची ताकदच नाही. १०५ मिमी तोफांकडे रणगाडाभेदी गोळे किती? सहा. सहाशे नव्हे, सहा. ते संपले आणि रणगाडे तुकडीच्या मधून सरळ पुढे निघून गेले. ३.५ इंची बझुका दोन आठवड्यांनी, तेजॉनला मिळाली. पहिली तुकडी पाठवताना 'अमेरिकी गणवेश दिसला की उत्तरवाले थांबतील' हा हिशेब होता. रणगाड्याला गणवेश दिसत नाही.

रसदमास्तर

बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). शिवाय त्या दिवशी पाऊस होता, विमानं उडाली नाहीत, आणि भिजलेल्या टेलिफोनच्या तारा निकामी. जुन्या मालाचं हेच होतं, सगळं एकाच दिवशी दगा देतं.

आता दुसरा पाहुणा. चिनी फौज १९ ऑक्टोबरला, म्हणजे प्याँगयांग पडलं त्याच दिवशी, यालू ओलांडायला लागली. पद्धत अशी: संध्याकाळी सातला चालायला सुरुवात, पहाटे तीनला थांबायचं, साडेपाचच्या आत माणसं, खेचरं, तोफा सगळं झाकलेलं. दिवसा फक्त टेहळणीवाले पुढे. विमान दिसलं की असेल तिथे गोठायचं. सेनापती पेंग दहुआय. लाखांवर माणसं अशी आत आली आणि वरून फोटो काढणाऱ्यांना रस्ते रिकामे दिसले. मोटारी नाहीत म्हणून धूळ नाही, चुली नाहीत म्हणून धूर नाही.

हेच बळ आणि हीच मर्यादा. सैनिक आठवडाभराचं खाणं आणि काडतुसं पाठीवर घेऊन निघायचा. ते संपलं की हल्ला संपला, समोरची फळी फुटलेली असली तरी. आठव्या सेनेचा नवा सेनापती रिजवे, त्याने जानेवारी-फेब्रुवारी १९५१ मध्ये हे नेमकं हेरलं. चिनी हल्ला सुरू झाला की लढत लढत रोज थोडं मागे सरकायचं, संपर्क तोडायचा नाही, आणि आठवड्याच्या शेवटी उलट फिरायचं. चिन्यांनीही नंतर आपल्या नोंदींत 'आठवडी हल्ला' असा शब्द वापरला.

केतकी_व

त्या पाठीवरच्या खाण्याबद्दल. त्याला चाओमियन म्हणत, भाजलेलं पीठ. ७० टक्के गहू, ३० टक्के सोयाबीन, मका किंवा ज्वारीसारखं धान्य, अर्धा टक्का मीठ. भाजायचं, दळायचं, कापडी नळीत भरून खांद्यावरून तिरकं बांधायचं. चूल नको, धूर नको. मूठभर पीठ तोंडात आणि वर बर्फ. नोव्हेंबर १९५० मध्ये बीजिंगच्या सरकारी कचेऱ्यांनाही पीठ भाजायचं काम वाटून दिलं होतं आणि चौ एन-लायही कढईपाशी उभा राहिला होता.

सातूचं पीठ खाणाऱ्यांना यातली सोय लगेच कळेल आणि अडचणही. पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही, आणि महिनोन्‌महिने तेच खाल्लं तर जीवनसत्त्वं नाहीत. तोंडाचे कोपरे चिरायचे, पोट फुगायचं आणि १९५१ च्या वसंतात तुकड्याच्या तुकड्यांना रातांधळेपणा आला. ज्या सैन्याची अख्खी पद्धत रात्रीची, त्याला रातांधळेपणा! स्थानिक कोरियन लोकांनी सांगितलेले उपाय केले: पाइनच्या सुया उकळून काढा, आणि पाण्यातून जिवंत बेडूकमासे गिळायचे. भाज्या, अंडी, कलेजी आघाडीपर्यंत पोचवायला ट्रक लागतात आणि गाडं तिथेच अडलेलं.

खवय्या_काका

बेडूकमाशाचा प्रतिसाद जेवताना वाचला. धन्यवाद ताई.

अडगळ

काका, तुमच्याकडून पाककृती विभागात 'चाओमियन, उपासाचे' येऊ द्या.

हवाईदल_वेडा

ट्रकांचं गाडं कुठे अडलं ते सांगतो, कारण इथे तिसरा पाहुणा येतो ज्याचं नाव कोणी घेतलं नाही: सोव्हिएत संघ.

नोव्हेंबर १९५० पासून मिग-१५ सोव्हिएत वैमानिक उडवत होते. ६४ वी लढाऊ विमान कोअर, तळ यालूपलीकडे आंतुंगला. विमानांवर चिनी-कोरियन खुणा, अंगावर चिनी गणवेश आणि रेडिओवर रशियन बोलायचं नाही असा हुकूम. मागे सेबर (अमेरिकी जेट लढाऊ विमान) लागल्यावर कोण कोरियन शब्दांचा कागद वाचत बसतो? दोन झटापटींत नियम बारगळला. अमेरिकेलाही ऐकू येत होतं, पण उघड बोललं तर रशियाशी युद्ध. दोघांनीही झाकली मूठ ठेवली.

धाग्याशी संबंध असा: या वैमानिकांना समुद्रावर जायला आणि प्याँगयांग-वोनसान रेषेच्या दक्षिणेला जायला सक्त मनाई. पडलेला वैमानिक शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. म्हणजे चिनी ट्रकांना छत्र मिळालं ते फक्त यालूच्या आसपास. खाली शेवटचे दोनशे किलोमीटर उघड्यावर. आणि खरी मारामारी त्या शेवटच्या टप्प्यातच.

उलट बाजूने सेबरचंही रडगाणं तेच. सोलजवळच्या किम्पो, सुवॉन तळांहून यालूपर्यंत जायचं, तिथे लढायला वीस मिनिटांचं इंधन, मग परत. मिग आपल्या धावपट्टीवरून वर चढून वाट बघत बसणार. आकाशातसुद्धा जो घरापासून लांब तो अडचणीत.

झणझणीत

मग एवढ्या बॉम्बफेकीने चिनी रसद तुटली का नाही? उत्तर कोरियात घर उभं राहिलं नव्हतं म्हणतात.

हवाईदल_वेडा

कोरियात अमेरिकेने एकूण ६,३५,००० टन बॉम्ब आणि ३२,००० टनांवर नापाम टाकलं. शहरं बेचिराख झाली, माणसं मेली, हे खरं. तरी रसद पूर्ण तुटली नाही, कारण गरजच कमी. अमेरिकी डिव्हिजनला दिवसाला पाच-सहाशे टन लागायचे. चिनी डिव्हिजन चाळीस-पन्नास टनांत भागवायची. नव्वद टक्के माल वाटेत जाळलात तरी उरलेल्या दहात ती खंदकात बसून राहते.

दुरुस्तीच्या युक्त्या बघा. पुलाचा पृष्ठभाग पाण्याखाली फूट-दीड फूट ठेवायचा: वरून दिसत नाही, ट्रक चाकं भिजवत पार. रेल्वेपुलाचा एक गाळा क्रेनने दिवसा काढून बाजूच्या बोगद्यात ठेवायचा, रात्री परत बसवायचा. वैमानिकाला पूल तुटलेलाच दिसतो, तो बॉम्ब वाया घालवत नाही. रूळ दोन ठिकाणी तुटला तर मधल्या तुकड्यावर अडकलेलं इंजिन आणि डबे तिथल्या तिथे फिरवायचे, दोन्ही टोकांना हमालांनी माल उतरवायचा-चढवायचा. रस्त्याकडेला ठरावीक अंतरावर पहारेकरी. विमानाचा आवाज आला की बंदुकीचा एक बार. तो ऐकून पुढचा बार काढतो, ट्रकवाले दिवे मालवतात. विमान गेलं की पुन्हा दिवे. रात्रभर दिवे बंद ठेवून डोंगरात चालवण्यापेक्षा वेग कितीतरी वाढला.

पण लक्षात घ्या: बसून राहायला ४० टन पुरतात. हल्ला करायचा तर दारूगोळा कैकपट. म्हणून बॉम्बफेकीने चिनी फौज हटली नाही, पण तिला पुढेही जाता आलं नाही.

सुपारीफोड

सूर्यास्तानंतर रस्तादुरुस्ती आणि पहाटेपर्यंत पूर्ण. आपल्याकडे निविदा भरायला बोलवा त्यांना.

रसदमास्तर

वेडासाहेबांचा शेवटचा मुद्दा चौकटीत टाकण्यासारखा.

थंडीचंही लिहायला हवं, कारण तीही रसदच. चोसिन जलाशय (हे जपानी नाव, अमेरिकी नकाशे जपान्यांकडून घेतलेले, कोरियन नाव चांगजिन). २७ नोव्हेंबर ते डिसेंबरचा मध्य, पारा उणे ३० च्या खाली. कार्बाइनचं वंगण गोठून दट्ट्या अर्ध्यात अडकायचा; उपाय म्हणजे तेल पुसून जवळपास कोरडी ठेवायची. मॉर्फीनच्या ट्यूबा वैद्यकीय सैनिक तोंडात धरून हिंडायचे, नाहीतर गोठायच्या. प्लाझ्मा गोठलेला, नळ्या बंद. गाड्यांची इंजिनं थोड्या-थोड्या वेळाने चालू करायची, म्हणजे लढत नसतानाही पेट्रोल जळतंच.

चिनी बाजूची गत याहून वाईट. सोंग शिलुनची नववी सेना पूर्व चीनमधून आलेली, तैवानवरच्या चढाईसाठी ठेवलेली. पातळ सुती कपडे, कापडी बूट. गाड्या वाटेत थांबवून मंचुरियातले कोट वाटायचं घाटत होतं, पण घाई झाली, बहुतेकांना मिळालेच नाहीत. चिनी नोंदींतच हिमदंशाने निकामी झालेले २८ हजारांच्या वर आहेत, गोळीने पडलेल्यांपेक्षा जास्त.

तिरकीरेघ

फुंचिलिन घाटातल्या पुलाचं कोणी लिहिणार का? पूर्ण युद्धातला माझा सगळ्यात आवडता तुकडा.

रसदमास्तर

तुम्ही विरोधी पक्षात असूनही फर्माईश करताय म्हणून लिहितो.

मरीन डिव्हिजनला जलाशयाकडून हंगनाम बंदराकडे उतरायला एकच घाटरस्ता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. वाटेत जलविद्युत केंद्राच्या नळांवरचा काँक्रीटचा पूल चिन्यांनी उडवला. सुमारे २९ फुटांची फट. पायी माणसं डोंगरातून गेली असती, पण जखमी ट्रकांत, आणि रणगाडे-तोफा टाकून द्याव्या लागल्या असत्या.

अभियंत्यांनी ट्रेडवे (जोडून उभारायच्या लोखंडी) पुलाचे सुटे भाग विमानातून मागवले. एकेक भाग हजार किलोच्या वर. आधीच्या चाचणीत छोट्या छत्र्यांनी टाकलेला भाग आपटून वाकला, म्हणून जपानहून मोठ्या छत्र्या आणि त्या बांधणारी माणसं आणली. लागणार होते चार, टाकले आठ, हाच शहाणपणा. ७ डिसेंबरला सी-११९ विमानांनी टाकले. एक मोडला, एक चिन्यांच्या हद्दीत पडला, सहा उरले.

पूल फटीला तोकडा पडत होता, म्हणून अलीकडच्या टोकाला रेल्वेचे स्लीपर रचून टेकू वाढवला. रणगाड्याची पट्टे-रुंदी जास्त आणि जीपची कमी, म्हणून दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये जाड प्लायवूडच्या फळ्या. पहिल्या काही गाड्या गेल्या आणि एका ट्रॅक्टरने मधली फळीच फोडली. त्या चालकाने तो मागे घेतला, तोही पट्ट्यांवरूनच, अंधारात. फळ्यांचा नाद सोडला. दोन पट्ट्या जास्तीत जास्त लांब सरकवल्या: रणगाड्याला कडेला दोन इंच मोकळे, जीपचं चाक जेमतेम अर्धा इंच आतल्या कडेवर टेकलेलं. टॉर्चच्या खुणेवर रात्रभर एकेक गाडी सोडली.

आणि हंगनामहून २४ डिसेंबरपर्यंत सुमारे १,०५,००० सैनिक, १७,५०० वाहनं आणि ९० हजारांहून अधिक नागरिक जहाजांनी काढले. मेरेडिथ व्हिक्टरी या एका मालवाहू जहाजात १४,००० माणसं. परतीच्या वाटेला बंदर होतं, म्हणून फौज वाचली. चिन्यांना मागे बंदर नव्हतं, चालायचंच.

नकाशेवाला

मास्तर, दंडवत.

पाटलाचा_वाडा

आपल्याकडचं राहिलंच. भारताने लढाऊ फौज पाठवली नाही, पाठवली ६० वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्याखाली. २० नोव्हेंबर १९५० ला बुसानला उतरले आणि थेट माघारीत सापडले. प्याँगयांगहून निघताना वाहनं नाहीत. सामान सोडून या असा निरोप. त्यांनी स्थानकातलं एक इंजिन धरलं, बादल्यांची रांग लावून पाणी भरलं, इंजिन चालवता येणारी माणसं तुकडीतच निघाली आणि पूल उडायच्या आत सगळं साहित्य घेऊन पार. टेबलं-हत्यारं सोडून नुसते डॉक्टर दक्षिणेला आले असते तर उपयोग काय होता?

२३ मार्च १९५१ ला मुनसानला अमेरिकी पॅराशूट रेजिमेंटबरोबर त्यांच्या १२ जणांनी उडी मारली. रंगराज यांना महावीरचक्र.

आणि आमच्या कोल्हापूरचा मान. कैद्यांच्या वाटाघाटीने युद्ध दीड वर्ष रखडलं: परत जायचं नाही म्हणणाऱ्या कैद्यांचं काय करायचं? तोडग्याचा मसुदा कृष्ण मेननांचा, ३ डिसेंबर १९५२. २७ जुलै १९५३ च्या युद्धबंदी करारानंतर पाच तटस्थ देशांचा आयोग, अध्यक्ष जनरल थिमय्या. पहाऱ्याला भारतीय कस्टोडियन फोर्स, प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात.

दक्षिण कोरियाचा अध्यक्ष सिंगमन ऱ्ही म्हणाला, भारतीय सैनिकाचा पाय माझ्या जमिनीवर पडता कामा नये. म्हणून पाच-सहा हजार माणसं इंचॉनसमोर जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून निर्लष्करी पट्ट्यात नेली. ताब्यात २२,६०४ कैदी एका बाजूचे (चिनी आणि उत्तर कोरियन), ३५९ दुसऱ्या बाजूचे. छावण्यांत कैद्यांच्या आतल्या टोळ्यांची दहशत; परत जायचं म्हणणाऱ्याला रात्री मारायचे. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून ओलीस धरलं. तारेबाहेर बंदुका होत्या, गोळीबार केला असता तर शेकड्यांनी मेले असते. थोरात निःशस्त्र आत गेले, बोलत बसले आणि अधिकाऱ्याला घेऊन बाहेर आले.

केतकी_व

आणि शेवटी त्या २२,६०४ पैकी सहाशेच्या वर थोडेच मायदेशी परतले. ८६ जणांनी (आणि पलीकडच्या ३५९ मधल्या दोघांनी) तटस्थ देश मागितला. ते ८८ जण थोरातांच्या फौजेबरोबर जहाजाने भारतात आले. त्यातले बरेच पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले.

अडगळ

कोजे बेटावरच्या कैद्यांच्या छावणीत तर मे १९५२ मध्ये कैद्यांनी छावणीप्रमुख अमेरिकी जनरललाच पकडून ठेवलं होतं. तो फाटकापाशी बोलायला गेला होता. म्हणजे थोरातांना आधीचा अनुभव माहीत होता आणि तरी ते आत गेले.

तिरकीरेघ

धागा मूळ प्रश्नावर आणतो, आणि अर्धी हार कबूल करतो.

डिसेंबर १९५० ची अमेरिकी माघार: हुकमाचा घोटाळा अधिक रसद. जानेवारी १९५१ ला चिन्यांचं ३७ अंशापाशी थांबणं: शुद्ध रसद, मान्य. एप्रिल-मे १९५१ चे चिनी हल्ले फसणं: रसद अधिक तोफा. तेव्हा रिजवेनंतर आठव्या सेनेवर आलेल्या व्हॅन फ्लीटने तोफांचा रोजचा दारूगोळा पाचपट केला होता, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचत होता हेच महत्त्वाचं.

पण जून १९५१? तेव्हा संयुक्त राष्ट्रांची फौज रेषेच्या थोडी वर होती, चिनी खिळखिळे झाले होते, रसद व्यवस्थित होती. तरी थांबले. कारण वॉशिंग्टनने थांबायला सांगितलं. मॅकआर्थरची ११ एप्रिललाच उचलबांगडी झालेली. तिथे तुमचा टन-किलोमीटरचा हिशेब चालत नाही, मास्तर.

रसदमास्तर

चालतो. वॉशिंग्टनने थांबवलं कारण पुन्हा कंबरेच्या वर गेलं की काय होतं ते एकदा बघून झालं होतं. पुढे सरकाल तसं आपलं बंदर लांब, त्यांची रेल्वे जवळ. दोन्ही बाजूंचे लवचीक दोर ताणले की जिथे सारखे ओढतात तो बिंदू ३८ च्या आसपासच येतो. हां, १९४५ मध्ये दोन अमेरिकी कर्नलांनी अर्ध्या तासात मासिकाच्या नकाशावर रेघ ओढली तेव्हा त्यांना हे माहीत नव्हतं. तो योगायोग.

नकाशेवाला

एक सुधारणा करू द्या. शेवटची रेषा ३८ वर नाही. पश्चिमेला ती ३८ च्या खाली उतरते, केसाँग उत्तरेला गेलं. पूर्वेला बरीच वर चढते, सोक्चो दक्षिणेला आलं. पूर्वेला अमेरिकी आरमाराच्या तोफा किनाऱ्याला लागून होत्या, पश्चिमेला वाटाघाटीसाठी केसाँग-पान्मुनजॉमचा पट्टा मोकळा ठेवावा लागला होता. मास्तरांचा दोर पूर्वेला समुद्राने ताणला, पश्चिमेला टेबलाने. दोघेही अर्धे-अर्धे बरोबर निघालात.

सुपारीफोड

मग चहा कोणी द्यायचा ते पण अर्धा-अर्धा करा.